अंगमापनाचा प्रवर्तक : आल्फाँस बर्तियाँ

पावसाने भिजलेल्या पायवाटेवर एखादे पाऊल उमटलेले असते. येणारा-जाणारा ते तुडवून पुढे निघून जातो. परंतु माग काढणाऱ्या जाणत्या माणसाची दृष्टी तेथेच खिळून राहते. आपल्याकडील खेड्यांत रात्रीची राखण करणारे रामोशी व जागले या कामी वाकबगार समजले जात. चोर कोणत्या दिशेने गेला, तो एकटा होता की त्याच्या सोबतीला आणखी कोणी होते, तो लंगडत चालत होता की धावत सुटला होता, हे ते जमिनीकडे पाहून सांगत. ही विद्या बापाकडून मुलाकडे येई. ती कोणी लिहून ठेवलेली नव्हती. त्यामुळे जाणत्याने सांगितलेली गोष्ट खरी की खोटी, हे पडताळून पाहण्याचे साधन इतरांजवळ नसे. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे एवढेच त्यांच्या हाती उरे. मनुष्यदेहाच्या खुणा आकड्यांत मांडाव्या, म्हणजे त्या कोणालाही तपासून पाहता येतील, हा विचार पोलिसांच्या कचेरीत ज्याने प्रथम रुजवला, तो आल्फाँस बर्तियाँ एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेला.

बर्तियाँचा जन्म १८५३ च्या एप्रिल महिन्यात पॅरिस येथे झाला. त्याचे घराणे विद्वानांचे होते. वडील लुई-आदोल्फ हे वैद्य तर होतेच, शिवाय लोकसंख्येचा व मानवजातीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ म्हणूनही ते नावाजलेले होते. १८५९ मध्ये पॅरिसची मानवशास्त्र परिषद ज्यांनी स्थापन केली त्यांत त्यांचा समावेश होता. आईचे वडील आशिल गियार यांनी लोकसंख्याशास्त्राला त्याचे युरोपीय नाव दिले. थोरला भाऊ झाक याने पुढे मृत्यूच्या कारणांचे जे वर्गीकरण केले, त्यातूनच आजचे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण वाढले आहे. अशा घरात मनुष्याच्या कवट्या, मोजमापाची उपकरणे आणि आकड्यांची कोष्टके ही मुलांच्या नित्य परिचयाची असत.

परंतु आल्फाँसचे बालपण व तारुण्य पाहून त्याच्या हातून काही विशेष घडेल असे कोणालाही वाटले नसते. त्याला एकाहून अधिक शाळांतून काढून टाकण्यात आले. पेढीवरची नोकरी टिकली नाही. काही काळ तो ब्रिटनमध्ये फ्रेंच भाषा शिकवीत राहिला. नंतर सक्तीची लष्करी सेवा आली. तिच्या काळात त्याने वैद्यकाचे थोडेसे अध्ययन केले आणि मनुष्याच्या सांगाड्यातील हाडांची मापे घेण्याचा नाद त्याला लागला. स्वभाव एककल्ली, बोलणे तुटक, मित्र थोडे. अखेर वडिलांनी आपले वजन खर्ची घालून १८७९ च्या मार्च महिन्यात त्याला पॅरिसच्या पोलीस कचेरीत कारकुनाची जागा मिळवून दिली.

पकडलेल्या माणसांची वर्णने नोंदपत्रांवर उतरवून घेणे, हे त्याचे काम. थोड्याच दिवसांत त्या कामातील निरर्थकता त्याच्या ध्यानात आली. बहुतेक पत्रांवर उंची मध्यम, चेहरा सामान्य, विशेष खूण काही नाही, असाच मजकूर असे. अशा वर्णनावरून हजारांतून एक माणूस कसा ओळखावा? पूर्वी फ्रान्समध्ये गुन्हेगाराच्या अंगावर तापलेल्या लोखंडाने डाग देत असत. ती अमानुष रीत १८३२ मध्ये बंद झाली. त्यानंतर वारंवार गुन्हे करणारा मनुष्य प्रत्येक खेपेस नवे नाव सांगून मोकळा होई. छायाचित्रे घेतली जात, पण ती हव्या त्या अंतरावरून व हव्या त्या कोनातून घेतलेली असत, आणि नावाच्या क्रमाने लावलेली असत. नावच खोटे असेल तर ती शोधायची कशी, हा प्रश्न तसाच राही. पुढे १८८५ मध्ये वारंवार गुन्हे करणाऱ्यांना समुद्रापलीकडील वसाहतींत धाडण्याचा कायदा झाला. तेव्हा तर हा प्रश्न अधिकच बिकट झाला. कारण ओळख चुकली तर पहिल्यांदाच पाय घसरलेला मनुष्य जन्माचा देशोधडीला लागण्याचे भय होते.

बर्तियाँला घरची विद्या आठवली. विसाव्या वर्षाच्या सुमारास मनुष्याच्या हाडांची वाढ बहुतेक थांबते आणि पुढे कित्येक वर्षे त्यांची मापे तशीच राहतात. दाढी वाढवता येते, केस रंगवता येतात, नाव बदलता येते. पण कवटीची लांबी बदलता येत नाही. एखादे माप दोघांचे जुळेल, परंतु अनेक मापे एकाच वेळी जुळणे फार दुर्मिळ. या तत्त्वावर त्याने एकूण ११ मापे निश्चित केली. उंची, पसरलेल्या दोन्ही हातांचा विस्तार, बसलेल्या स्थितीतील उंची, डोक्याची लांबी व रुंदी, गालांची रुंदी, उजव्या कानाची लांबी, डाव्या पावलाची लांबी, डाव्या हाताच्या मधल्या बोटाची व करंगळीची लांबी, आणि डाव्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, अशी ती मापे होती. हातापायांची मापे डाव्या बाजूची घेण्याचे कारण असे, की नित्याच्या कष्टाने उजवा हात अधिक झिजतो व बदलतो.

यांपैकी पावलाचे माप घेण्याची त्याची रीत पाहण्यासारखी आहे. ज्याचे माप घ्यावयाचे त्याने अनवाणी डाव्या पायाने एका बुटक्या चौरंगावर उभे राहावयाचे, उजवा पाय मागे उचलून धरावयाचा आणि तोल सांभाळण्यासाठी हात एका आधारावर टेकवावयाचा. मग टाचेपासून पुढे आलेल्या बोटापर्यंत सरकती धातूची पट्टी लावून माप घेतले जाई. यात मोठी युक्ती होती. देहाचा सर्व भार एका पायावर आला, की पाऊल पुरते पसरते आणि माप चुकवण्यासाठी बोटे आखडून धरणे लबाडालाही साधत नाही. बसलेल्या माणसाचे पाऊल आणि उभ्या माणसाचे पाऊल लांबीने सारखे नसते, ही साधी गोष्ट तोवर मोजणाऱ्यांनी फारशी मनावर घेतली नव्हती. जमिनीवरचा ठसा मात्र चालत्या, भार टाकणाऱ्या पावलाचाच असतो.

१८७९ च्या ऑक्टोबरात बर्तियाँने आपली योजना लिहून पोलीसप्रमुख आंद्रियो यांच्यापुढे ठेवली. लेखन क्लिष्ट, आकडे विपुल, आणि लिहिणारा एक कनिष्ठ कारकून! प्रमुखांना तो वेडगळपणा वाटला व त्यांनी ती योजना बाजूला सारली. मुलाचे लेखन वाचून वडिलांना मात्र त्यातील मर्म समजले. परंतु प्रमुखांचे मन वळेना. तीन वर्षे बर्तियाँ नोंदपत्रे नकलून काढीत राहिला. आंद्रियो जाऊन कामकास हे प्रमुख झाल्यावर १८८२ च्या अखेरीस त्याला तीन महिन्यांची मुदत व दोन मदतनीस मिळाले. या मुदतीत एक तरी जुना गुन्हेगार नुसत्या मापांवरून ओळखून दाखवावा, अशी अट होती. अट कठीण होती. कारण ज्याचे माप आजच घेतले तो इतक्या थोड्या अवधीत सुटून पुन्हा पकडला जाईल, याचा काय भरवसा?

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. २० फेब्रुवारी १८८३ रोजी एका मनुष्याला आणण्यात आले. त्याने आपले नाव द्यूपाँ सांगितले. फ्रान्समध्ये हे नाव इतके सर्रास आढळते, की खोटे नाव घेणाऱ्यालाही प्रथम तेच सुचावे. बर्तियाँने मापे घेतली आणि आपल्या कपाटातून एक पत्र बाहेर काढले. मापे जुळत होती. त्यावरचे नाव मात्र मार्तें असे होते. त्या मनुष्याला १५ डिसेंबर रोजी पकडलेले होते. आरंभी त्याने साफ नाकारले. मग कबूल केले. त्याच महिन्याच्या अखेरीस बर्तियाँच्या वडिलांचे निधन झाले. पुत्राचा पहिला विजय पाहण्यापुरते आयुष्य त्यांना लाभले. पुढच्या वर्षी, म्हणजे १८८४ मध्ये, या पद्धतीने २४१ जुने गुन्हेगार ओळखले गेले.

मापे घेणे एक वेळ सोपे; खरे कौशल्य ती लावून ठेवण्यात होते. कचेरीत ९०,००० पत्रे आहेत असे समजू. प्रथम डोक्याच्या लांबीवरून त्यांचे लहान, मध्यम व मोठे असे तीन भाग करावयाचे. प्रत्येकात सुमारे ३०,००० पत्रे येतात. मग डोक्याच्या रुंदीवरून पुन्हा तीन भाग. पत्रे उरली १०,०००. नंतर मधल्या बोटावरून सुमारे ३,३००, आणि डाव्या पावलावरून १,१००. असे करीत गेले म्हणजे अखेरीस एका खणात मोजकीच पत्रे राहतात व ती काही मिनिटांत चाळून होतात. उंचीचे माप त्याने मुद्दाम मागे ठेवले. कारण माणूस सकाळी किंचित उंच आणि सायंकाळी किंचित ठेंगणा असतो, शिवाय वाकून उभे राहिले की ते चुकवता येते.

बर्तियाँची कीर्ती लवकरच फ्रान्सबाहेर गेली. युरोपातील व अमेरिकेतील अनेक पोलीस खात्यांनी त्याची पद्धत उचलली. भारतात बंगालच्या पोलिसांनी १८९२ च्या सुमारास ती सुरू केली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये बाँबस्फोट घडवणारा रावाशोल पकडला गेला. पूर्वी दुसऱ्या गावी, दुसऱ्या नावाने त्याची मापे घेतलेली होती. ती जुळली आणि त्याचे जुने गुन्हे उजेडात आले. या प्रकरणाने बर्तियाँचे नाव घरोघर झाले.

याच सुमारास लंडनच्या फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने या पद्धतीतील एका वर्माकडे बोट दाखवले. एखादे माप दोन माणसांचे जुळण्याचा संभव चारांत एक धरला, तर ११ मापे जुळण्याचा संभव ४ चा ११ वेळा गुणाकार केल्यावर, म्हणजे ४१,९४,३०४ मध्ये एक, असा निघतो. हा आकडा ऐकणारा दिपून जाई. परंतु असा गुणाकार करण्यासाठी ती मापे परस्परांपासून स्वतंत्र असली पाहिजेत. ती तशी नाहीत. उंच माणसाचा हात बहुधा लांब असतो, बोटे लांब असतात, पाऊलही लांब असते. १८८८ मध्ये गाल्टनने हा संबंध मोजण्याची रीतच शोधून काढली. पूर्ण संबंधाला १ मानले, तर उंची आणि कोपरापासूनचा हात यांतील संबंध त्याच्या गणिताप्रमाणे ०.८ इतका भरला. म्हणजे बर्तियाँची ११ मापे ही ११ निरनिराळ्या साक्षीदारांसारखी नव्हती. त्यांतील काही जण एकमेकांचे ऐकून बोलणारे होते.

गंमत अशी, की मापांचा जो परस्परसंबंध बर्तियाँच्या गणिताला बाधक ठरला, तोच पावलाच्या ठशाचा अभ्यास करणाऱ्यांना उपकारक झाला. पाऊल आणि उंची यांचा काहीच संबंध नसता, तर ठशावरून माणसाविषयी अनुमान करणेच अशक्य होते. टोपिनार या फ्रेंच मानवशास्त्रज्ञाने १८७७ च्या सुमारास पाऊल हे उंचीच्या सुमारे १५ टक्के असते असे नमूद केले होते. त्या हिशेबाने पाऊल २६ सेंटिमीटर असेल तर उंची सुमारे १७३ सेंटिमीटर येते. पण सर्वांचे प्रमाण नेमके १५ नसते. कोणाचे १४.५ असेल, तर त्याच पावलाची उंची १७९ येईल, १५.५ असेल, तर १६८. एकाच ठशातून इतका उंच आणि इतका ठेंगणा, असे दोन्ही पुरुष निघू शकतात. स्त्री की पुरुष, वय काय, तो कोणत्या मानवसमूहातील, यावरही हे प्रमाण बदलते; म्हणून पुढे निरनिराळ्या समूहांसाठी निरनिराळी सूत्रे तयार करण्यात आली, आणि भारतातही असा अभ्यास झाला आहे. शिवाय ठसा म्हणजे पाऊल नव्हे. कठीण फरशीवरचा ठसा पावलाहून थोडा आखूड असतो, कारण टाचेची मागची गोलाई जमिनीला टेकत नाही. तर चिखलात पाय घसरला की ठसा लांबतो. ठशाच्या खोलीवरून वजन सांगण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु जमीन किती ओली आणि किती भुसभुशीत होती हे कळल्यावाचून तो अंदाज व्यर्थ होय.

घटनास्थळाचे महत्त्व बर्तियाँने फार लवकर ओळखले. जेथे गुन्हा घडला ती जागा जशीच्या तशी टिपून घेण्यासाठी त्याने उंच तिकटण्यावर छायाचित्रयंत्र बसवून वरून चित्रे घेण्याची प्रथा पाडली. त्या चित्रांच्या कडांवर मापाच्या खुणा असत. त्यामुळे खोलीतील वस्तूंमधील अंतरे मागाहून कागदावर मोजता येत. ठसा पावसापाण्याने नाहीसा होऊ नये म्हणून तो धातूच्या लेपाने टिकवण्याची रीत त्याने उपयोगात आणली. दार फोडताना चोराने किती जोर लावला असेल हे मोजण्यासाठी एक यंत्रही त्याने बनवले. पकडलेल्या माणसाचे एक छायाचित्र समोरून व एक बाजूने, ठरावीक अंतरावरून आणि ठरावीक प्रकाशात घ्यावे, हा दंडक त्याचाच.

एवढ्या सावध माणसाच्या हातून एक मोठा अनर्थ घडला. १८९४ मध्ये फ्रेंच सैन्यातील कॅप्टन ड्रेफस याच्यावर जर्मनांना गुप्त माहिती पुरवल्याचा आरोप आला. पुरावा म्हणून एक हस्तलिखित कागद होता. त्यावरील अक्षर ड्रेफसचे आहे की नाही, हे बर्तियाँला विचारण्यात आले. हस्ताक्षर हा त्याचा विषय नव्हता; तरीही त्याने होकार दिला. अक्षरात जे साम्य दिसले ते तर त्याने पुरावा मानलेच, पण जो फरक दिसला त्याचाही पुरावाच केला. ड्रेफसने फसवण्यासाठी स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली असली पाहिजे, असा तर्क त्याने लढवला व तो सिद्ध करण्यासाठी आकृत्या आणि संभवाचे आकडे यांचा डोंगर उभा केला. अशा तर्कापुढे कोणता निरपराधी टिकेल? ड्रेफसला दोषी ठरवून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील एका ओसाड बेटावर धाडण्यात आले. १९०४ मध्ये प्वाँकारे, दार्बू आणि आपेल या तीन श्रेष्ठ गणितज्ञांनी बर्तियाँचे आकडे तपासले आणि ते निराधार असल्याचा निर्वाळा दिला. १९०६ मध्ये ड्रेफस निर्दोष ठरला. तो कागद वस्तुतः एस्तरहाझी नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याचा होता. ज्याने पोलिसांना अंदाज सोडून मोजायला शिकवले, त्यानेच आधी निष्कर्ष ठरवून मग आकडे जुळवले, हा त्याच्या चरित्रावरील डाग पुसला गेला नाही.

दरम्यान बोटांच्या ठशांची पद्धत पुढे येत होती. आर्जेंटिनात वुसेतिच आणि बंगालमध्ये एडवर्ड हेन्री यांनी ती व्यवहारात आणली. ठशांचे वर्गीकरण बसवण्यात हेन्रीच्या हाताखालील अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांचा वाटा मोठा होता. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली आणि भारतात बर्तियाँची मापे मागे पडली. लंडनने १९०१ मध्ये तोच मार्ग धरला. मापे घेण्यास कुशल माणूस लागतो, आणि दोघांनी घेतलेल्या मापांत थोडा तरी फरक पडतो. ठशाला शाई पुरते. बर्तियाँला हे दिसत नव्हते असे नाही. १८९४ पासून त्याने आपल्या पत्रांवर बोटांचे ठसे घेण्यास आरंभ केला होता, आणि १९०२ मध्ये एका खुनाच्या तपासात कपाटाच्या फुटलेल्या काचेवरील ठशांवरून त्याने खुनी शोधून काढला. युरोपात केवळ बोटांच्या ठशांवरून खुनी ओळखला गेल्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय. पण आपल्या मापांचे पहिले स्थान ठशांना देण्यास तो तयार झाला नाही.

त्याची किंमत १९११ मध्ये मोजावी लागली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून लिओनार्दो दा विंचीचे मोनालिसा हे चित्र चोरीस गेले. चोराने सोडून दिलेल्या काचेवर अंगठ्याचा स्पष्ट ठसा होता. चोर पेरूजा हा पूर्वी पकडला गेलेला असून त्याचे पत्रही बर्तियाँच्या कपाटात होते. परंतु सारी पत्रे मापांच्या क्रमाने लावलेली. नुसता एक ठसा घेऊन त्यांतून माणूस शोधण्यास वाटच नव्हती. चित्र दोन वर्षांनी, १९१३ च्या डिसेंबरात, फ्लॉरेन्स येथे सापडले, तेही चोराने स्वतःच ते विकावयास काढले म्हणून.

त्या वेळी बर्तियाँ आजारी होता व त्याची दृष्टी मंदावली होती. १३ फेब्रुवारी १९१४ रोजी पॅरिस येथे त्याचे निधन झाले. त्यानंतर अंगमापनाची पत्रे हळूहळू दप्तरात जमा झाली. घटनास्थळाचे काम मात्र त्याने घालून दिलेल्या वळणाने चालते. न्यायसहायक प्रयोगशाळेचा माणूस मातीतील पावलाजवळ प्रथम मोजपट्टी ठेवतो, यंत्र बरोबर वर धरून छायाचित्र घेतो, मग ठशात पातळ कालवलेले प्लास्टर ओततो. ते सुकल्यावर टाचेपासून प्रत्येक बोटाच्या टोकापर्यंत मापे घेतो. अहवालात उंची लिहिताना तो एक आकडा लिहीत नाही. कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, असे दोन आकडे लिहितो, आणि त्या दोहोंमध्ये बहुधा अनेक सेंटिमीटरांचे अंतर असते.